पुण्याच्या मॅडम आणि वाशिष्ठीचा पूल

परवा कट्ट्यावर फोनवरून होणाऱ्या मानसोपचाराचा विषय निघाला. "फोनवर बोलून कुठे माणूस बरा होतो काय? सगळे पैसे उकळायचे धंदे." सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, सवडीने वाचा.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं वह्यापुस्तकांचं दुकान आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचा महापूर गावात शिरला, ते चिपळूणकरांना सांगायला नको. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, माल खाली. शाळा उघडतील या आशेने भरलेला. बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. भिजलेली वही फुगते, आणि गच्च लावलेल्या वह्या फुगल्या की रॅकमधून निघतच नाहीत. कोयत्याने फोडून काढल्या. चिखल उपसला, कर्ज काढलं, दुकान उभं राहिलं. तेव्हा मला काहीही झालं नव्हतं. लोक म्हणायचे, खमका आहे हो.

झालं ते पुढच्या जूनमध्ये. पहिला मोठा पाऊस पत्र्यावर वाजला आणि छातीत धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या, घसा कोरडा, आता मी जातो असं वाटायला लागलं. बायकोने रात्रीच दवाखान्यात नेलं. ईसीजी स्वच्छ. "गॅस असेल." आठ दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा ईसीजी स्वच्छ. "टेन्शन घेऊ नका." जसं काही मी ते होलसेलमधून आणत होतो! आईने दृष्ट काढली, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. त्याने आईला झोप लागली, हेही कमी नाही. मी मात्र रात्री तीनला उठून व्हॉट्सॲपवर वाशिष्ठीची पातळी बघायचो. भरती कधी, धरणाच्या बाजूला पाऊस किती, सगळं तोंडपाठ.

तुम्ही म्हणाल, मग डॉक्टरकडे का नाही गेलास? राज्यात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, त्यातलं एक आमच्याच जिल्ह्यात, रत्नागिरीला. नव्वदेक किलोमीटर. हायवेचं काम आमच्या पिढीत संपेल तेव्हा संपेल, पण जाता आलं असतंच. खरी अडचण किलोमीटरची नव्हती. आमच्याकडे "त्याला रत्नागिरीला नेला" या वाक्याचा एकच अर्थ होतो, आणि तो हापूसशी संबंधित नसतो. गावातच खाजगी डॉक्टरकडे जावं, तर बाहेर लावलेली माझी स्कूटर ओळखणारे पन्नास जण. गोळ्या घ्यायच्या त्या मेडिकलवाला माझा वर्गमित्र.

शेवटी भाचीने पुण्याच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा, म्हणजे गोळ्या न देता बोलण्यातून उपचार करणाऱ्या मानसतज्ज्ञ बाईंचा, नंबर दिला. आठवड्याला एकदा, पाऊण तास, बाराशे रुपये. घरात बोलायला जागा नाही, आमच्याकडे भिंतींनाच नव्हे तर आत्यालाही कान आहेत. म्हणून दुपारी दुकान बंद करून माळ्यावर बसायचो, खोक्यांच्या मध्ये, फोन डिंकाच्या बरणीला टेकवून.

मला वाटलं होतं, मन मोकळं करायला लावतील. तसं फारसं झालंच नाही. मॅडमनी आधी मुंग्यांचं कारण सांगितलं: घाबरून आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटं बधिरतात. एवढ्याने माझी निम्मी भीती गेली. दोन ईसीजींनी जे झालं नव्हतं ते. मग म्हणाल्या, "तुम्ही काय काय टाळता ते लिहा." वहीला तोटा नव्हता. प्रत्येकापुढे शून्य ते शंभर असा भीतीचा आकडा. पावसाचं रेकॉर्डिंग ऐकणं, तीस. रात्री फोन न बघणं, साठ. बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीचा पूल पावसात चालत ओलांडणं, पंचाण्णव. मी त्या बाजूची कामं पोऱ्याकडून करून घेत होतो. टाळलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं, आणि भीती आणखी पोसली जाते. हे गणित दुकानदाराला लगेच कळतं. उधारीसारखं आहे.

आता मूळ मुद्दा. पुलाची पाळी आली तेव्हा भर पाऊस होता. मी छत्री घेऊन नाक्यावर, मॅडम माझ्या कानात, इअरफोनमध्ये. दर दोन-तीन मिनिटांनी विचारायच्या, "आकडा?" पंचाण्णव. पंचाण्णव. नव्वद. मधेच रेंज गेली आणि मी एकटा पुलावर, खाली लाल पाणी. परत जोडला गेलो तोवर आकडा सत्तरवर आला होता. चाळीस मिनिटं मी त्या पुलावर येरझारा घालत होतो, बघणाऱ्यांना वाटलं असेल जमिनीचा सौदा चाललाय. पुण्यातल्या केबिनमध्ये, एसीत, समोरासमोर बसून हे झालं असतं का? ऑनलाइन म्हणजे खऱ्या थेरपीची पातळ आवृत्ती, असं मानणाऱ्यांनी हे बघावं. माझी भीती जिथे होती तिथे कोणी डॉक्टर आला नसता, फोन आला.

संशोधनही फार वेगळं सांगत नाही. स्वीडनमध्ये वीसेक वर्षांहून जास्त काळ हे काम चालू आहे. 2014 मध्ये समोरासमोरची आणि इंटरनेटवरची सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, मॅडमनी माझ्यावर केली तशी) यांची थेट तुलना करणाऱ्या 13 अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा निघाला. पण तिथे मागे एक माणूस होता, जो धडे देत होता, केलेलं तपासत होता. नुसतं ॲप टाकलं आणि घंटा-बासरी ऐकली की झालं, असं त्यातून निघत नाही. मी अशी दोन ॲपं वापरली आहेत, दोन्हींनी झोप यायच्या आधी जाहिरात यायची.

आणि धोका आहेच. पडदा लपायलाही सोयीचा असतो. माणसांनाच घाबरणाऱ्या माणसाने घरात बसून वर्षभर व्हिडिओ कॉल केले, तर ते टाळणंच झालं, फक्त फी भरून. मॅडम पुलावर ढकलणाऱ्या होत्या म्हणून निभावलं. नुसतं "हं, मग?" करणारा कोणी भेटला असता तर मी अजून माळ्यावरच असतो. आपल्याकडे काउन्सेलरची पाटी कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेकडची नोंदणी विचारा, विचारायला लाजू नका. दुसरं, आपण बोललेलं जातं कुठे? अमेरिकेत ऑनलाइन समुपदेशन पुरवणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्यांना दिली, आणि 2023 मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने तिला 78 लाख डॉलर भरायला लावले. (हो, हे मी फेसबुकवरच लिहितोय.)

जीव द्यावासा वाटतोय, भास होतायत, घरात मारहाण आहे, तिथे पाऊण तासाचा कॉल पुरा पडत नाही. तिथे माणूस लागतो, औषध लागतं, कधी रत्नागिरीही लागते, आणि लागली तर जावं. पैसे नसतील तर 14416 लावा. टेलि-मानस, सरकारी, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलता येतं. माझ्या ओळखीतल्या एकाने खाडीकाठी होडीत बसून लावला होता, घरच्यांना वाटलं मासळीच्या भावाचं चाललंय.

मॅडमशी आता दोन महिन्यांतून एकदा बोलतो. धडधड अजून होते, पण मी तिला ओळखतो. मागच्या जूनमध्ये त्यांना सांगितलं, "बाकी सगळं सुटलं, पण पाऊस लागला की खालच्या दोन फळ्यांवरच्या वह्या मी अजून माळ्यावर चढवतो. हीपण भीतीच ना? सोडू का?"

त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "नको. चिपळूणमध्ये त्याला दुकानदारी म्हणत असतील."