‘दोन वळसे घट्ट केले की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक महोदय,

मोटारसायकलचा मागचा भाग लिंकच्या (म्हणजे शॉकला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणाऱ्या सांध्याच्या) पट्ट्या बदलून 15 मिलिमीटरने कसा उचलावा, या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश आधी देतो. आपले म्हणणे असे की, लिंक बदलण्याची मुळात गरजच नाही, “प्रीलोडची चकती दोन वळसे घट्ट केली की झालं, गाडी तेवढीच उचलते.” (प्रीलोड म्हणजे शॉकवरील स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणे; ते या चकतीने कमीजास्त करतात.) त्यापुढे आपण म्हणता की लिंक बदलल्याने लिव्हरेज (शॉक आणि चाक यांच्या हालचालीचे प्रमाण) बदलते, टायर वर मडगार्डला घासतो, महामार्गावर वेगात हँडल थरथरते आणि चेन, साईड स्टँड व हेडलाइट यांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. शेवटचे वाक्य असे आहे: “भाऊ, पाना कधी हातात धरलाय का, का सगळं यूट्यूबवरच?”

पहिल्यांदा या शेवटच्या वाक्याविषयी. मतभेद असू शकतो, असायलाही हवा; परंतु ज्याला आपण ओळखत नाही त्याने पाना धरला आहे की नाही, हा प्रश्न विचारण्याआधी निदान त्याचे दोनचार लेख वाचावेत, एवढी अपेक्षा चुकीची नसावी. माझ्या वडिलांचे पाचोऱ्यात गॅरेज होते. राजदूत, येझदी आणि बुलेट यांच्या तेलकट गर्दीत मी वाढलो, शाळेतून आल्यावर दप्तर ठेवून दिवा धरायला बसलो आणि हूक पान्याने शॉकची चकती फिरवताना पाना निसटून बोटांची साले निघणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही व्हिडिओने शिकवलेले नाही. हे मी मोठेपणा सांगण्यासाठी लिहीत नाही. विचारले गेले म्हणून लिहितो. आणि विचारले गेलेच आहे तर हेही सांगतो की, ज्या चकतीचे आपण एवढे गुण गाता, ती शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवलेल्या दुधवाल्यांच्या गाड्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कॅन भरलेले असताना त्या बऱ्या चालत. कॅन रिकामे करून परत येताना त्याच गाड्यांचे मागचे चाक खडीवर टणाटण उड्या मारी, आणि वडील प्रत्येकाला तेच सांगत की, चकती उतरवून चालव.

आता मूळ मुद्दा. “दोन वळसे घट्ट केले की गाडी तेवढीच उचलते.” या एका वाक्यात इतके काही गृहीत धरलेले आहे की त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

पहिले गृहीत ‘तेवढीच’. शॉकवरील चकती जेवढी सरकते तेवढेच चाक खाली जात नाही. लिंकच्या गाडीत शॉक आणि चाक यांच्या हालचालीत एक प्रमाण असते. समजा ते अडीचास एक आहे, म्हणजे शॉक 1 मिलिमीटर हलला तर चाक अडीच मिलिमीटर हलते. चकतीच्या आट्यांमधील अंतर दीड मिलिमीटर धरले तर दोन वळशांत ती 3 मिलिमीटर सरकेल आणि चाकापाशी साडेसात मिलिमीटर उंची मिळेल. मी लिहिले होते 15. म्हणजे आपले दोन वळसे माझ्या निम्म्यावरच संपतात. चार वळसे म्हटले असते तर निदान आकडा तरी जुळला असता.

दुसरे गृहीत अधिक गंभीर आहे. आपण असे धरून चालता की उंची कुठूनही आली तरी ती उंचीच. तसे नाही. प्रीलोडने गाडी उचलली जाते, हे मी कुठेही नाकारलेले नाही. प्रश्न असा आहे की ती उंची कोणाच्या खात्यातून काढली जाते. ज्या रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 वर मी हे काम केले तिच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल 180 मिलिमीटर आहे. स्वार बसल्यावर तिच्यातील साधारण 30 टक्के, म्हणजे 54 मिलिमीटर वापरली जावी, हा रस्त्यावरील गाडीसाठीचा रुळलेला हिशेब. त्यालाच स्वाराची सॅग म्हणतात. स्वार नसताना, गाडीच्या स्वतःच्या वजनाने मागचा भाग माझ्या गाडीत 20 मिलिमीटर बसत होता. हे दोन्ही आकडे ठीक होते. गाडी बसकी नव्हती, स्प्रिंग मऊ नव्हती. मला हवी होती ती फक्त चॅसीची ठेवण बदलून, कारण वळणावर पुढचा भाग जड वाटत होता.

आता आपल्या पद्धतीने 15 मिलिमीटर उचलून पाहा. स्वाराची सॅग 54 वरून 39 वर येते आणि रिकाम्या गाडीची सॅग 20 वरून 5 वर. म्हणजे चाकाला खाली उतरण्यासाठी जी जागा होती तिच्यातलीच 15 मिलिमीटर आपण उंची म्हणून खर्च केली. उतारावर, समजा चाळीसगावहून कन्नड घाट चढून गेल्यावर परत खाली उतरताना, ब्रेक दाबला की वजन पुढे जाते, मागचा शॉक उलगडतो आणि खाचखळग्याच्या मागोमाग चाकाने खाली जाऊन रस्ता धरायचा असतो. त्या क्षणी शॉक आधीच पूर्ण उलगडलेला असेल तर चाक खाली जाणार कुठे? ते रस्ता सोडते, ठणकन आवाज येतो आणि स्वाराला वाटते की स्प्रिंग कडक झाली.

स्प्रिंग कडक झालेली नसते, हेही याच जागी सांगून टाकतो, कारण ‘घट्ट’ या समजुतीत तीच चूक दडलेली आहे. सरळ स्प्रिंगचा दर ठरलेला असतो: ज्या स्प्रिंगला 1 मिलिमीटर दाबायला 100 न्यूटन लागतात, तिला प्रीलोड कितीही दिला तरी पुढच्या मिलिमीटरला 100 न्यूटनच लागतात. प्रीलोड बदलतो ती सुरुवातीची जागा. त्याचा एक परिणाम मात्र होतो: शॉक उलगडताना स्प्रिंगचा धक्का अधिक जोराचा येतो आणि त्याला आवरण्याचे काम रिबाउंडच्या, म्हणजे उलगडण्याचा वेग रोखणाऱ्या, तेलावर पडते. रिबाउंड जुळवायचा स्क्रूच नसलेल्या शॉकमध्ये आपल्याला ते आवरता येत नाही. त्यात मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा शॉकमधील तेल आणखी पातळ होते. त्या दिवसांत असा उचललेला मागचा भाग कसा उड्या मारतो, ते पाहायला कोणत्याही चॅनेलची वर्गणी लागत नाही.

लिंकची पट्टी आखूड केली तर काय होते? शॉक तोच, स्प्रिंग तीच, तिच्यावर येणारा भार जवळपास तोच. शॉकची लांबी जिथे होती तिथेच राहते, पण त्याच लांबीला चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा वरखाली हलणारा दांडा, पूर्वीपेक्षा खाली झुकलेला असतो. म्हणून गाडी उचलली जाते आणि चाकाची खाली जाण्याची जागा शाबूत राहते. बहुतेक गाड्यांत आखूड पट्टी मागचा भाग वर नेते आणि लांब पट्टी खाली आणते. भोकांच्या मध्यांतील अंतर दोनचार मिलिमीटरने बदलले तरी चाकापाशी त्याचा कित्येक पट परिणाम दिसतो, म्हणून दोन्ही पट्ट्यांची भोके एकमेकांशी तंतोतंत जुळली पाहिजेत; लेथवर अंदाजाने पाडलेल्या पट्ट्या लावून लिंकचे बेअरिंग तिरके ओढले गेलेले मी पाहिले आहे. शॉकच्या टोकाला उंची जुळवण्याचा आटा असेल किंवा वरच्या माउंटखाली वॉशर घालण्याची सोय असेल तर तेच काम त्याने होते आणि पट्ट्यांना हात लावावा लागत नाही. हे पर्याय लेखात दिलेले आहेत.

‘दुकानदारांचं फॅड’ असाही एक शब्दप्रयोग आपण मधेच केला आहे. कावासाकीची युनि-ट्रॅक, होंडाची प्रो-लिंक आणि सुझुकीची फुल फ्लोटर या लिंकच्या रचना 1980 च्या आसपास कारखान्यांतून बाहेर पडल्या. चाळीस वर्षांहून जुन्या गोष्टीला फॅड म्हणण्यासाठी धाडस लागते, ते आपल्यापाशी आहे, एवढेच म्हणतो. आपल्या नावाशेजारच्या छायाचित्रात दोन शॉकची गाडी दिसते. तिला लिंकच नसते; तिथे उंची हवी असेल तर लांब शॉकच घ्यावे लागतात. आपल्या गाडीवर पाच खाचांची चकती फिरवून आलेला अनुभव आपण माझ्या गाडीला लावत असाल, तर हा सगळा वाद का झाला ते मला समजू शकते.

बाकीच्या आक्षेपांना फार वेळ देण्याची गरज वाटत नाही. लिव्हरेज बदलते, हे खरे आहे आणि मला ठाऊक आहे. 15 मिलिमीटरच्या बदलात त्याचा बाऊ करण्याऐवजी काम झाल्यावर सॅग पुन्हा मोजावी, तेवढे पुरते. टायर मडगार्डला घासतो ही भीती गाडी खाली बसवणाऱ्या लांब पट्ट्यांच्या बाबतीत रास्त आहे. मी गाडी उचलली आहे. शॉक पूर्ण दाबला गेला तरी माझे चाक मडगार्डपासून पूर्वीपेक्षा दूरच थांबते. ही दिशाच आपल्या ध्यानात आलेली नाही, यावरून लेख किती वाचला गेला याचा अंदाज येतो.

वेगात हँडल थरथरण्याविषयी: 1465 मिलिमीटरच्या व्हीलबेसवर मागून 15 मिलिमीटर उचलले की गाडी सुमारे 0.6 अंशाने पुढे कलते आणि ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भिडेल ती जागा आणि पुढचे चाक टेकते ती जागा यांतील अंतर, साधारण 4 मिलिमीटरने कमी होतो. गाडी वळायला हलकी होते ती याचमुळे, आणि सरळ रेषेतील स्थिरता त्या प्रमाणात थोडी घटते. एवीतेवी धुळे ते जळगाव महामार्गावर ट्रकांच्या रांगेतून जाताना ज्या वेगाला हा प्रश्न उभा राहील तो वेग मी गाठत नाही. आपण गाठत असाल तर आपली काळजी आपण घ्यालच.

आपण सुचवलेला नाही, पण अनेक जण सुचवतात तो पर्याय म्हणजे पुढचे फोर्क ‘टी’मधून, म्हणजे त्यांना हँडलपाशी धरणाऱ्या पकडीतून, वर सरकवणे. त्याने कल तसाच मिळतो, परंतु पोटाखालची जागा कमी होते आणि चिमट्याचा चॅसीशी असलेला कोन तोच राहतो. मागून उचलल्यावर चिमटा अधिक उतरता होतो, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिल्यावर चेनची ओढ मागचा भाग दबू देत नाही. तोरणमाळच्या चढावर दोघे बसून जाताना हा फरक मला फोर्क सरकवून कधी मिळाला नाही.

चेनविषयी मी लिहिलेले नाही, हे साफ खोटे आहे. लेखातील वाक्य पुन्हा सांगतो: पुस्तकात दिलेली चेनची ढील मूळ उंचीसाठी असते, उंची बदलल्यावर पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याचा खिळा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आणून, चेन सर्वांत ताणलेली असताना ढील तपासावी. नव्या उंचीवर उभ्या गाडीला पुस्तकातली ढील दिली तर दोघे बसल्यावर चेन गरजेपेक्षा जास्त ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. हे आपल्या नजरेतून सुटले असेल.

साईड स्टँडचे मात्र मान्य. 15 मिलिमीटर उचललेली गाडी स्टँडवर अधिक कलते आणि आपल्याकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात स्टँड रुतला तर आडवीही होते. स्टँडच्या पायाला जाड पट्टी वेल्ड करून घ्यावी, अशी एक ओळ लेखात असती तर बरे झाले असते. ती आता घातली आहे. हेडलाइटचा झोत किंचित खाली येतो, तो स्क्रूने वर करून घेता येतो, आणि ज्याला ते कोणी सांगावे लागते त्याने लिंकला हात न लावलेलाच बरा.

आपल्याला पुढे लिहायचे असल्यास जरूर लिहावे, प्रतिक्रिया बंद केलेल्या नाहीत. मात्र या वेळी ‘झालं’ आणि ‘फॅड’ यांऐवजी आपल्या गाडीची तीन मापे लिहावीत: चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सीटखालच्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाचे अंतर आणि आपण नेहमीच्या कपड्यांत बसल्यावर दुसऱ्या कोणी टेपने घेतलेले अंतर. मग चकती चार वळसे फिरवून तीच मापे पुन्हा घ्यावीत. पहिल्या दोन मापांतला फरक आधी किती होता आणि नंतर किती उरला, तो आकडा प्रतिक्रियेत आला की मी त्यावर उत्तर देईन. पान्याविषयीच्या प्रश्नाला यापुढे उत्तर मिळणार नाही.