दुधीच्या रसाने ‘शिरा’ साफ होत नाहीत

मामांना स्टेंट बसवून जेमतेम चार महिने झालेत. परवा मामींचा फोन आला, तीन दिवस झाले गोळ्या बंद आहेत, सकाळी उपाशीपोटी पेलाभर दुधीचा रस चालू आहे. कारण? मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर आलेला मेसेज: ‘21 दिवसांत हृदयाच्या शिरा साफ. रक्तातलं ॲसिड वाढलं की ब्लॉकेज होतं, दुधी ते ॲसिड मारतो. रस कडू लागला तरी डोळे मिटून प्या. गोळ्या सोडा.’

आधी ‘शिरा’. शिरा रक्त हृदयाकडे परत आणतात. ब्लॉकेज होतं ते हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांमध्ये. महारोहिणीच्या मुळाशीच निघणाऱ्या या नळ्या असतात तीन-चार मिलिमीटरच्या. उलट बायपासमध्ये पायातली शीरच काढून तिथे जोडतात आणि तीही उलटी फिरवून, कारण शिरेतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. आणि चरबीचा थर मोरीच्या पाइपातल्या गाळासारखा आत मोकळा पडलेला नसतो, तो रोहिणीच्या भिंतीतच, अस्तराखाली साठतो. रस ओतून काय धुणार?

रक्तातलं ॲसिड म्हणे! रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 असतो, म्हणजे ते मुळातच किंचित अल्कधर्मी. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो तिथेच धरून ठेवतात.

पण माझं डोकं फिरलं ते ‘कडू लागला तरी प्या’ वाचून. दुधी कडू लागतो तो कुकरबिटासिन या विषारी द्रव्यामुळे. उलट्या, कधी रक्ताच्या उलट्या, जुलाब, बीपी एकदम खाली. आपल्याकडे यात माणसं दगावली आहेत. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल 2012 मध्ये परिषदेच्याच नियतकालिकात छापून आला. सांगणं सरळ आहे: आधी छोटा तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या, रस प्यायल्यावर त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. या विषावर ठरावीक उतारा नाही. आमची आई दुधी चिरताना तुकडा जिभेवर ठेवते, ती काय अहवाल वाचून?

गोळ्यांचं तर बोलायलाच नको. स्टेंट म्हणजे रोहिणीत बसवलेली धातूची जाळी. पहिले काही महिने तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्या गोळ्या असतात. अचानक सोडल्या तर जाळीतच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो.

बरं, दुधी पथ्याचा आहे, तळलेलं कमी करा, रोज चाला, एवढं त्या मेसेजमधलं मान्य. ते तर मामांना डिस्चार्जच्या कागदावरही लिहून दिलंय.

काल मामांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. फ्रिजमधले उरलेले दोन दुधी मामींनी चाखून बघितले आणि चणाडाळ घालून त्यांची भाजी केली.