निळी शंकरपाळी

२७ वर्षं मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मराठी शिकवतोय. खडू संपला की शेजारच्या वर्गातून उसना आणायचा, एवढंच माझं तंत्रज्ञान. त्यात बिघाड म्हणून कधी झाला नाही.

मग प्रशिक्षण झालं आणि मी जॅमबोर्ड शिकलो. म्हणजे संगणकातला फळा, सगळ्यांनी मिळून लिहायचा. त्यावर मी बोटाने काढलेला ‘अ’ चेंगरलेल्या बेडकासारखा दिसायचा. घासूनपुसून त्याला माणसात आणला, तोवर ३१ डिसेंबर २०२४ उजाडला आणि गूगलने जॅमबोर्डच बंद केला. माझ्या निवृत्तीला अजून पाच वर्षं आहेत. फळा आधी सुटला.

“कहूत घ्या, सर,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “मुलांना खेळ वाटतो.”

कहूतमध्ये प्रश्न दिसतो प्रोजेक्टरच्या पडद्यावर. मुलांच्या फोनवर नुसती चार बटणं: लाल त्रिकोण, निळी शंकरपाळी, पिवळा गोल, हिरवा चौकोन. जितकं झटपट उत्तर तितके गुण जास्त, एका प्रश्नाला हजारापर्यंत. हजार! मी निबंधाला दहापैकी साडेसहाच्या वर कधी गेलेलो नाही.

शाळेत फोनला बंदी, म्हणून पालकांना चिठ्ठ्या पाठवून एका दिवसाची परवानगी काढली. आठवीची पोरं आयांचे फोन घेऊन हजर. आत शिरताना टोपणनाव चालतं हे मी सांगून बसलो, आणि पडद्यावर ‘बांगडो’, ‘शितकडी’, ‘सरांचो चष्मो’ अशी मंडळी जमली. हजेरी घ्यायची कशी?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पंधरा दिवसांवर. समासांच्या दुसऱ्याच प्रश्नाला एक फोन खणखणला. “मावशे, पन्नास नेवऱ्यो जाय!” मुलीने शांतपणे वहीच्या मागच्या पानावर करंज्यांची ऑर्डर लिहून घेतली. खोबऱ्याच्या की चण्याच्या, तेही विचारलं. समास थांबला होता, पण धंदा थांबवा म्हणायचा धीर मला झाला नाही.

इतक्यात पावसाची सर कोसळली आणि वीज गेली. पडदा काळा. माझा लॅपटॉप बॅटरीवर, मुलांचे फोन बॅटरीवर, म्हणजे खेळ चालूच, फक्त प्रश्न कुणालाच दिसत नव्हता. मी लॅपटॉपवरून वाचून ओरडू लागलो. वर मंगलोरी कौलं, कौलांवर पाऊस.

“नीलकमल! समास ओळखा!”

मागच्या बाकांपर्यंत त्यातलं ‘नील’ तेवढं पोचलं. त्यांनी निळी शंकरपाळी दाबली. तिथे नेमका कर्मधारय होता. नऊशेच्या वर गुण! पुढचा शब्द ‘पीतांबर’. आता गुपित अख्ख्या वर्गाला कळलं होतं, सगळ्यांनी एकमताने पिवळ्यावर बोट ठेवलं. तिथे द्वंद्व होता. बांगडो पहिल्या नंबरावरून घसरला आणि माझ्याकडे असा बघू लागला जणू मीच त्याला फसवलं.

पुढच्या आठवड्यात फोन नकोत म्हणून संगणक कक्षात गेलो. गूगल डॉक्सवर सगळ्यांनी मिळून एकच निबंध लिहायचा: ‘पावसाळ्यातील आमचे गाव’. दोघांत एक संगणक, १४ कर्सर. लॉगिन न करता आलं की गूगल प्राण्यांची नावं देतं, त्यामुळे माझ्या वर्गात अनामिक कॅपिबारा, अनामिक क्वोका, अनामिक ॲक्सोलॉटल बसले. गोव्यातलं एकही जनावर नाही. पानाचा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार झाला. एकाने ‘नदी दुथडी भरून वाहते’ लिहावं, दुसऱ्याने ‘वाहते’ पुसून ‘व्हांवता’ करावं, तिसऱ्याने मध्येच मासे सोडावेत. आणि मग अचानक पान कोरं. सगळं गेलं.

मी खुर्चीतून उठलोच. पुढच्या बाकावरून एक मुलगी, बहुधा नेवऱ्यावालीच, म्हणाली, “सर, व्हर्जन हिस्टरीत वचात. सगळें मेळटा.”

खरंच मिळालं. मासेसुद्धा.

तास संपत आला, म्हणून मी पानाच्या वर सूचना टाइप केली: ‘उद्या घटक परिक्षा.’ खालून क्वोकाचा कर्सर सरकत सरकत माझ्या ओळीपर्यंत आला. ‘रि’पाशी थांबला. रि पुसली, री लिहिली, आणि पुन्हा निबंधात निघून गेला. या वेलांटीसाठी मी २७ वर्षं अर्धा गुण कापत आलोय.

“कोण रे तो?”

२८ माना पडद्यांत खुपसलेल्या.

“कोणूच ना, सर!” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.