फळीवर एक, बिलात एक

बायकोने बिलाची पट्टी हातात घेऊन डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला की मी म्हणतो, "तू ये, मी गाडी काढतो." लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी किती वेळा गाडी काढली याची गणती नाही. त्यातल्या निम्म्या वेळा आम्ही चालत आलेलो होतो.

मला दुकानात वाद घालता येत नाही. जन्म पुण्यातला, वाढ पुण्यातली, तरी हा गुण अंगात कसा उतरला नाही हे घरातल्यांना न सुटलेलं कोडं आहे. बायको मात्र बिल असं तपासते की हातात फक्त लाल पेन नसतं. साखर, चहा, पोहे, टिक, टिक, टिक, आणि मग बोट थांबतं. ते बोट थांबलं की सुपरमार्केटातले एसी जास्त गार वाटायला लागतात.

तर आषाढीच्या आदल्या दिवशी तिचा गुडघा धरला आणि यादी माझ्या हातात आली. साबुदाणा एक किलो, भगर अर्धा, शेंगदाणे एक किलो, राजगिऱ्याचे लाडू, रताळी, बटाटे. उपास एका दिवसाचा, पण यादी वाचून वाटावं की दिंडीचा मुक्काम आमच्याच दिवाणखान्यात आहे. दारात तिने बजावलं, "अहो, फळीवर काय भाव लिहिलाय तो बघून ठेवा. आणि काउंटरवर मशीनकडे लक्ष द्या, मोबाइलकडे नको."

ही सूचना तिने दिली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. न कळता गेलेले पैसे फार सुखाने जातात.

शेंगदाण्याच्या पाकिटांखाली पिवळी चिठ्ठी होती. वर बारीक आकड्यांत छापील किंमत १९०, तिच्यावर काट; खाली ठसठशीत १४९. मी १४९ पाठ केला. एकशेएकोणपन्नास, एकशेएकोणपन्नास, असं पुटपुटत रांगेत उभा राहिलो. पुढच्या बाई जरा सरकून उभ्या राहिल्या, बहुधा मी जप करतोय असं वाटून. दिवसच तसा होता.

माझा नंबर आला. शेंगदाण्याचं पाकीट 'टूं' करून पलीकडे गेलं आणि पडद्यावर १७२ उमटले.

मी मागे वळून पाहिलं. दहा-अकरा माणसं होती, आणि माझ्या अगदी पाठीशी दह्याची एकच पिशवी घेतलेला एक तरुण. जगात कुठल्याही रांगेत माझ्या मागे एकच वस्तू घेतलेला माणूस असतोच.

"ताई, ते... तिकडे एकशेएकोणपन्नास लिहिलंय." माझा आवाज असा निघाला की जणू मीच काहीतरी खिशात घातलंय.

"सिस्टिममध्ये एकशेबहात्तर आहे, सर." आमची आजी 'पांडुरंगाची इच्छा' ज्या सुरात म्हणायची, त्याच सुरात ती 'सिस्टिम' म्हणाली. त्यापुढे माणसाचं काही चालत नाही.

तोवर माझी समजूत अशी की पाकिटावरच्या त्या काळ्या रेघांमध्येच किंमत लपलेली असते. ती तिथे नसते. रेघा म्हणजे नुसता नंबर. आपल्याकडच्या बहुतेक मालाचा तो ८९० ने सुरू होतो. त्या नंबरासमोर दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये जो भाव भरलेला असेल तो बिलात येतो. फळीवरची चिठ्ठी हा वेगळा संसार. कॉम्प्युटरमधला भाव कोणीतरी कुठल्यातरी ऑफिसात बसून एका बटणावर बदलतो. चिठ्ठ्या बदलायला मात्र बिचारा एक पोरगा असतो, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि समोर बिस्किटांपासून फिनाइलपर्यंत पसरलेलं जग. तो फिनाइलपर्यंत पोचेतो बिस्किटांचा भाव पुन्हा बदललेला असतो. त्या पोरावर माझा राग नाही. फक्त एक विचारायचंय: हा घोळ दरवेळी दुकानाच्या बाजूनेच कसा होतो? चुकून कधी फळीवर १७२ आणि बिलात १४९? सव्वीस वर्षांत तरी आमच्या वाट्याला आलेलं नाही.

"सुपरवायझर!" ताईंनी हाक मारली. बिलातली ओळ काढायची तर त्यांचं कार्ड लागतं म्हणे. सुपरवायझर साबुदाण्याच्या पोत्यांमधून उगवले. वय जेमतेम पंचवीस, पण अशा प्रसंगांचा दांडगा अनुभव. त्यांच्याकडे उत्तरांचा साठा होता, आणि त्यातलं एकेक ते ठरलेल्या क्रमाने काढत होते. आधी म्हणाले, ती चिठ्ठी अर्ध्या किलोची असेल. मी म्हटलं, एक किलोची आहे. मग म्हणाले, लोक पाकिटं इकडची तिकडे ठेवतात, भगरीची असेल. मी म्हटलं, शेंगदाणे असं लिहिलंय. मग, दोन घेतल्यावर असेल. मग, मेंबर आहात का? आणि शेवटी हुकुमाचा एक्का: "सर, छापील किमतीपेक्षा कमीच लावलंय ना?"

इथे मी गारद झालो, कारण ते खरं होतं. १९० छापील असताना १७२ घेतले, म्हणजे उलट अठरा रुपयांची मेहरबानीच झाली. छापील किंमत ही कमाल किंमत, सगळे कर धरून. तिच्या वर गेलात तर गुन्हा, खाली कितीही या. आमच्या सोसायटीत वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांनी नंतर समजावलं की जादा किमतीसाठी २००९ चा वैध मापनशास्त्राचा कायदा आहे, पण फळीवर एक भाव दाखवून बिलात दुसरा लावणं हे ग्राहक संरक्षण कायद्याकडे जातं, तो २०१९ चा. "ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरावर फोन करायचा होतास," ते म्हणाले. "नाहीतर सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही." म्हणजे १७२ रुपयांचे शेंगदाणे वजा जाता माझ्याकडे अजून चार लाख नव्याण्णव हजार आठशे अठ्ठावीस रुपयांची सोय शिल्लक होती. काउंटरवर उभं असताना हे माहीत असतं तर ताठ मानेने उभा राहिलो असतो.

(याच काकांनी २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला तेव्हा टूथपेस्टच्या नळ्या गोळा केल्या होत्या. अठरा टक्क्यांवरून पाच, म्हणजे ११८ ची नळी १०५ ला यायला हवी. काकांच्या म्हणण्याप्रमाणे नळीवर एक, फळीवर दुसरा आणि मशीनमध्ये तिसरा, असे एकाच नळीचे तीन भाव त्यांना एकाच दिवशी मिळाले. दात त्यांचे सगळे बसवलेले आहेत. केवळ तत्त्वासाठी घेतल्या.)

तेवढ्यात मागून दहीवाला म्हणाला, "काका, तेवीस रुपये मी देतो तुम्हाला. फक्त पुढे व्हा."

आणि त्याने खरंच पाकीट काढलं. माझ्या आयुष्यात एवढं ओशाळवाणं मला कधी झालं नव्हतं. 'राहू दे, राहू दे' हे माझे आवडते शब्द ओठांपर्यंत आले होते. पण डोळ्यांपुढे डोक्यावरून नाकावर येणारा चष्मा उभा राहिला. दुकानापेक्षा, रांगेपेक्षा, दह्यापेक्षा मला घरची भीती जास्त होती.

"आपण बघू या," मी म्हणालो.

मग सुपरवायझर पुढे, मी मागे, अशी आमची वारी शेंगदाण्यांच्या फळीपाशी पोचली. चिठ्ठी तिथेच होती. १४९. त्यांनी खाली वाकून डोळे बारीक केले आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, कालची तारीख दाखवली. "ऑफर काल संपली, सर."

"पण चिठ्ठी आज आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला कसं सुचलं, देव जाणे. एकादशीचं पुण्य आदल्या दिवशीपासून लागत असावं.

सुपरवायझरांनी क्षणभर विचार केला, नखाने चिठ्ठी सोलली आणि सरळ खिशात घातली. प्रश्न मिटला! पण तिच्याखाली आणखी एक चिठ्ठी निघाली: १३९. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. त्यांनी तीही सोलायला घेतली, तर खाली तिसरीचा पिवळा कोपरा दिसला. तसंच खरवडत गेलो असतो तर बहुधा आण्यांपर्यंत पोचलो असतो. त्यांचा हात थांबला. "देतो सर तेवीस रुपये," ते घाईघाईने म्हणाले.

काउंटरवर परतलो तेव्हा दहीवाला दुसऱ्या रांगेत गेला होता आणि तिथेही एका आजोबांच्या मागे अडकला होता. आजोबा कापडी पाकिटातून नाणी काढून मोजत होते. माझ्या मनाला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो.

रोख मात्र मिळाली नाही. बिल झालं, पैसे कार्डाने गेले, आता सिस्टिम परत देत नाही. (पांडुरंगाची इच्छा.) त्याऐवजी तेवीस रुपयांची क्रेडिट नोट. मुदत पंधरा दिवस, पुढची खरेदी किमान पाचशेची.

घरी येऊन मी ती शिवाजी महाराजांच्या तहनाम्यासारखी बायकोपुढे ठेवली. तिने दोन्ही बाजू वाचल्या. "म्हणजे तेवीस रुपयांसाठी पाचशेची खरेदी करायची," ती म्हणाली आणि नोट फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकली. तिथे ती येता-जाता माझ्याकडे बघत राहिली. पंधराव्या दिवशी संध्याकाळी राहवेना. गेलो. घरात सगळं होतं, तरी पाचशे भरायला काय काय घेतलं: भांडी घासायचा साबण, पोहे, एक विनाकारण काचेची बरणी, शेवयांचं पाकीट. बिल ६१२ झालं. काउंटरवर मी नोट पुढे केली आणि जीव मुठीत धरून पडद्याकडे बघत उभा राहिलो. सिस्टिमने घेतली! ५८९. मशीनवर उमटलेला तो वजा तेवीस मी कितीतरी वेळ डोळे भरून बघितला.

घरी जवळजवळ शीळ घालत आलो. सोफ्यावर बसून बायकोने बिल मागितलं. चष्मा नाकावर आला. बोट चालायला लागलं. साबण, शेवया, बरणी... बोट थांबलं.

"पोहे फळीवर कितीला लिहिले होते हो?"

सगळं लक्ष त्या नोटेकडे. फळीकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"तू बघ निवांत," मी म्हणालो, "मी गाडी काढतो."

"घरी आहोत आपण," बिलावरून नजर न हलवता ती म्हणाली.