तपकिरी चरबी, पेट स्कॅन आणि ‘रोज पाचशे कॅलरी’चा हिशेब

गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर एक संदेश घराघरांत फिरतो आहे. सोबत पेट स्कॅनचे, म्हणजे शिरेतून दिलेले किरणोत्सारी द्रव्य शरीरात कुठे साठते हे टिपणाऱ्या तपासणीचे, चित्र असते, आणि त्यात मानेच्या बुडाशी व खांद्यांच्या वर पिवळे-लाल पट्टे चमकताना दिसतात. मजकूर असा, की पहाटे दहा मिनिटे गार पाण्याने आंघोळ केली की ‘ब्राऊन फॅट’, म्हणजे उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी, जागे होते, ते दिवसाला ५०० कॅलरी जाळते आणि चित्रात ते जळताना स्पष्ट दिसते. भारतीयांमध्ये ते इतरांपेक्षा जास्त असते. मिरीचा काढा घेतल्यास परिणाम दुप्पट होतो. आणि मधुमेह मुळापासून जात असल्यामुळे गोळ्यांची गरज उरत नाही. माझ्या मावशीने या शेवटच्या वाक्यावर विसंबून सकाळची गोळी बंद केली, म्हणून हा लेखनप्रपंच. एरवी असल्या मजकुराला उत्तर देण्यात वेळ घालवला नसता.

प्रौढ माणसांत तपकिरी चरबी असते, एवढे मान्य करणे भाग आहे. २००९ साली बोस्टन, नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट आणि फिनलंडमधील तुर्कू येथील तीन गटांचे शोधनिबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात आले आणि ही गोष्ट निर्विवाद झाली. बोस्टनच्या गटाने १,९७२ रुग्णांचे नेहमीच्या तपासण्यांसाठी काढलेले स्कॅन पाहिले, तेव्हा ७.५ टक्के स्त्रियांत आणि ३.१ टक्के पुरुषांत ती दिसली. मास्ट्रिख्टमध्ये मात्र २४ पुरुषांना १६ अंश सेल्सिअसच्या थंडीत बसवल्यावर त्यांपैकी २३ जणांत ती दिसली. तिच्या पेशींच्या मायटोकाँड्रियांत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत, यूसीपी१ नावाचे प्रथिन असते, आणि त्याच्यामुळे इंधनातली ऊर्जा एटीपी या पेशीला वापरता येणाऱ्या रेणूच्या रूपात साठवली न जाता थेट उष्णता होऊन बाहेर पडते. इथपर्यंत संदेशाशी भांडण नाही.

भांडण त्या चित्राशी आहे. पेट स्कॅनसाठी शिरेतून जे द्रव्य देतात, ते एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजचे बदललेले रूप. पेशी ते साखर समजून आत ओढून घेते, त्यावर पहिली रासायनिक प्रक्रिया करते, आणि पुढची पायरी त्या रेणूला चढताच येत नसल्यामुळे तो तिथेच अडकून पडतो. चित्रात चमकते ती ही अडकलेली साखर. ज्या रेणूला जळताच येत नाही, तो जळताना दिसतो असे म्हणणे हा या संदेशातला सर्वांत हास्यास्पद भाग आहे, आणि नेमका तोच सर्वांना पटतो, कारण रंग लाल आहे. वखारीत लाकडाच्या किती गाड्या आल्या हे मोजून चुलीत किती जळण गेले हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. त्यात तपकिरी चरबीचे मुख्य इंधन ग्लुकोज नव्हेच. ती प्रामुख्याने स्वतःच्या पेशीत साठवलेल्या चरबीतली मेदाम्ले वापरते. कॅनडातील शेरब्रुक येथील संशोधकांनी २०१५ साली टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांत दाखवून दिले, की त्यांच्या तपकिरी चरबीत थंडीतले ग्लुकोजचे शोषण कमी होते, पण मेदाम्लांचा वापर आणि ज्वलन कमी झालेले नव्हते. म्हणजे एफडीजीचा स्कॅन फिका आणि ऊती कामावर, असेही घडते.

ज्वलन मोजायचे तर प्राणवायूचा खप मोजावा लागतो. त्यासाठी किरणोत्सारी प्राणवायू वापरतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे दोन मिनिटांचा असल्यामुळे तो बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र स्कॅनरच्या जवळच असावे लागते. डेट्रॉइटच्या ओटो म्युझिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हे मापन केले आणि थंडीत तपकिरी चरबीचा वाटा दिवसाला साधारण १५ ते २५ किलोकॅलरींच्या घरात काढला. (आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो, ती ही किलोकॅलरीच.) २५ किलोकॅलरी म्हणजे दीड चमचा साखर. पाचशेचा आकडा कुठून आला असावा, याचा मला दाट संशय आहे. १९८३ साली रॉथवेल आणि स्टॉक यांनी प्राण्यांवरील मापनांच्या आधारे असा अंदाज मांडला होता, की ५० ग्रॅम तपकिरी चरबी पूर्ण क्षमतेने चालली, तर माणसाच्या रोजच्या ऊर्जाखर्चाचा पाचवा भाग ती उचलू शकेल. अडीच हजारांचा पाचवा भाग पाचशे. त्या अंदाजातला ‘तर’ वाटेत कुठेतरी गळून पडला.

थंडीत शरीराचा एकूण खर्च वाढतो, हे मात्र खरे आहे. नाकातोंडावर पारदर्शक टोप बसवून श्वासातील वायू मोजले की ती वाढ दिसते. पण ते मापन साऱ्या शरीराचे असते, आणि थंडीत स्नायूही कुडकुडतात, कित्येकदा आपल्याला जाणवण्याआधीपासून. शेरब्रुकच्याच गटाने २०१७ साली निकोटिनिक आम्ल देऊन तपकिरी चरबीचे इंधन रोखले, तेव्हा तिचे ज्वलन दबले, कुडकुडणे वाढले, आणि शरीराची एकूण उष्णतानिर्मिती तेवढीच राहिली.

भारतीयांविषयीचे विधान तर उलटेच आहे. लायडन येथे २०१४ साली नेदरलँड्समधील दक्षिण आशियाई वंशाच्या सडपातळ तरुणांची तुलना युरोपीय वंशाच्या तरुणांशी केली, तेव्हा दक्षिण आशियाई तरुणांत तपकिरी चरबीचे आकारमान कमी भरले. अभ्यास लहान होता, पण ‘जास्त असते’ म्हणणाऱ्याजवळ तेवढाही आधार नाही. मिरीच्या काढ्याबद्दल काय लिहावे? तो घशाला बरा वाटतो.

आता गोळ्यांचे. इथे एक अर्धसत्य आहे, आणि ते नाइलाजाने सांगतो. मास्ट्रिख्टमध्ये २०१५ साली टाइप २ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस, रोज सहा तासांपर्यंत, १४ ते १५ अंशांच्या थंडीत बसवले आणि त्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता, म्हणजे इन्शुलिनला दाद देऊन रक्तातली साखर उचलण्याची शरीराची क्षमता, सुमारे ४३ टक्क्यांनी वाढली. वाचणाऱ्याने येथेच थांबायचे ठरवले, तर संदेश खरा वाटेल. पण त्याच अभ्यासात तपकिरी चरबीतील बदल अगदी किरकोळ होता. साखर उचलली ती स्नायूंनी. त्याच संस्थेने पुढे, २०२१ साली, कुडकुडणे होणार नाही एवढीच सौम्य थंडी देऊन पाहिले, तेव्हा तो लाभ दिसला नाही. शिवाय सहा तासांची हवेतली थंडी आणि दहा मिनिटांची आंघोळ यांचा काय संबंध? या प्रयोगांतून कोणाचाही मधुमेह ‘मुळापासून’ गेलेला नाही.

अंगावर एकदम गार पाणी पडले की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. मधुमेहाच्या अनेक जुन्या रुग्णांना रक्तदाबाचाही त्रास असतो, आणि काहींच्या पायांची संवेदना इतकी कमी झालेली असते की पाणी किती गार आहे हेही त्यांना नीट कळत नाही. संदेशात याविषयी अवाक्षर नाही. मावशीची गोळी तिच्या डॉक्टरांशी बोलून पुन्हा सुरू केली आहे. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी तो ज्यांना पाठवला त्यांना फोन करून गोळ्या चालू आहेत ना, एवढे विचारावे.