जुना स्टिरिओ भंगारात घालण्याआधी

घरोघरी पडून असलेल्या जुन्या म्युझिक सिस्टिमबद्दलचा एक सल्ला सध्या या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. सार असं : जुन्या ॲम्प्लिफायरवर मोबाइलमधली गाणी बिनतारी ऐकता येत नाहीत, ब्लूटूथची डबी (फोनचं गाणं बिनतारी पकडून वायरीने ॲम्पला देणारी) जोडली तर आवाजाचा चोथा होतो, वर घुंईऽऽ असा आवाज येत राहतो, वायफायवर नीट ऐकायचं तर पन्नास हजारांची तयारी ठेवा, त्यापेक्षा जुनं भंगारात घालून स्मार्ट स्पीकर आणा. शेवटी ‘जनहितार्थ’ आणि जोडलेले हात. यातली घुंईची तक्रार तेवढी खरी आहे, तिच्याकडे येतोच. बाकीचं एकेक करून बघू.

‘जुन्या ॲम्पला जोडायला जागाच नसते.’ सिस्टिम भिंतीपासून ओढा आणि मागे टॉर्च मारा. लाल-पांढऱ्या सॉकेटांच्या जोड्या दिसतील. ऑक्स, सीडी, ट्यूनर, टेप असं काहीबाही लिहिलेलं असेल. यातली कुठलीही चालते, सगळ्यांना साधारण एकाच ताकदीचा सिग्नल लागतो. टेपच्या दोन जोड्या असतील तर ‘प्ले’ किंवा ‘इन’ लिहिलेली घ्यायची, ‘रेक’ नाही. आणि ‘फोनो’ला मात्र हात लावायचा नाही. ती जोडी रेकॉर्ड प्लेअरची. सुईकडून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. म्हणून फोनोमागचं सर्किट आलेला सिग्नल कितीतरी पटींनी वाढवतं आणि खर्ज पुन्हा भरून काढतं. तिथे ब्लूटूथची डबी खुपसली की आवाज फाटतो, घुमतो, आणि ‘चोथा झाला’ म्हणणाऱ्यांपैकी काही जणांनी नेमकं हेच केलेलं असतं. काही जुन्या ॲम्पना या लाल-पांढऱ्या (आरसीए) सॉकेटांऐवजी पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्यासाठीची वायर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. नाही मिळाली तर तिथलाच कुणीतरी बसल्या बसल्या डाख देऊन बनवून देईल.

‘ब्लूटूथ म्हणजे आवाजाची वाट.’ हा या सल्ल्यातला सगळ्यात लाडका मुद्दा, म्हणून जरा आकडे बघू. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते. ब्लूटूथवर संगीत पाठवणाऱ्या प्रत्येक उपकरणाला जो एसबीसी नावाचा कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) असावाच लागतो, तो चांगल्या सेटिंगला ३२८ च्या आसपास पाठवतो. सल्लाकार इथेच थांबतात : बघा, चौथा हिस्सासुद्धा नाही! पण मुळात तुम्ही ऐकताय काय? स्पॉटिफाय मोबाइलवर फुकट ऐकत असाल तर जास्तीत जास्त १६० किलोबिट. यूट्यूबवरची कुणीतरी कॅसेटवरून चढवलेली मैफल असेल तर मग बोलायलाच नको. विहिरीतच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, आणि त्याचं खापर पोहऱ्यावर का फोडायचं?

तरी एक मान्य करायला हवं. गाणं आधीच एकदा दाबलेलं, म्हणजे फाइल लहान व्हावी म्हणून थोडी माहिती गाळलेलं असतं. फोन ते उलगडतो आणि ब्लूटूथसाठी पुन्हा दाबतो. दोनदा दाबल्याची खूण कुठेतरी राहते. ती शोधायची तर गायकाच्या आवाजात शोधू नका, टाळात शोधा. भजनाचं चांगलं ध्वनिमुद्रण लावा, एकदा वायरीने आणि एकदा ब्लूटूथने. टाळाचा आघात आणि मागे रेंगाळणारी आस, दोन्ही वरच्या पट्टीतली. दबलेल्या आवाजात ती आस थोडी खरखरीत, वाळूसारखी होते. कान देऊन ऐकलं तर कळतं. पोळ्या लाटताना नाही कळत. आणि जुनं नाट्यसंगीत, जुन्या भावगीतांच्या मोनो रेकॉर्डी असल्या ऐकण्यात हा फरक पकडून दाखवणाऱ्याला मी स्वखर्चाने मिसळ खिलवीन.

खरेदी करताना एवढं मात्र बघा. आयफोन असेल तर डबीवर एएसी हा कोडेक असू द्या. ॲपटीएक्स आणि एलडॅक या दुसऱ्या कोडेकांना आयफोन विचारत नाही, त्यांच्यासाठी जादा पैसे मोजणं फुकट. ॲन्ड्रॉइडवाल्यांना एलडॅकचा उपयोग आहे : सोनीचा हा कोडेक ९९० किलोबिटपर्यंत जातो आणि २०१७ च्या ॲन्ड्रॉइड ८ पासून फोनमध्ये येऊ लागला. पण तो दोन्ही टोकांना लागतो. नुसता फोनमध्ये असून भागत नाही.

‘स्वस्त डबी घुंई करते.’ करते, बऱ्याचदा करते. पण दोष बहुधा रेडिओचा नसतो, विजेचा असतो. डबी आणि ॲम्प वेगवेगळ्या वाटांनी एकाच अर्थिंगला जोडले गेले की एक गोल वाट तयार होते आणि ५० हर्ट्झची वीज त्यातून गुणगुणत राहते. भिकार चार्जर असेल तर त्यात त्याची किरकिर मिसळते. परीक्षा सोपी आहे : डबीची केबल चार्जरमधून काढून पॉवरबँकेत लावा. आवाज गप्प झाला तर डबी निर्दोष. मग चार्जर बदला, किंवा डबी आणि ॲम्पच्या मधे बसवायचा, ही गोल वाट तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या. काही शे रुपयांचं काम. पॉवरबँकेवरही घुंई तशीच राहिली तर मात्र वायर तपासा, आणि तीही ठीक असेल तर डबी खुशाल परत करा. फोनचा आवाज जवळपास पूर्ण वर ठेवून कमी-जास्त ॲम्पवरूनच करायचं हेही लक्षात ठेवा. बरेच लोक उलटं करतात आणि मग ‘खरखर फार येते’ म्हणतात.

ब्लूटूथची खरी अडचण आवाजाची नाहीच. भैरवी रंगात आलेली असताना बँकेचा फोन येतो आणि रिंगटोन सगळ्या घराला ऐकू जाते. फोन घेऊन गच्चीत गेलं की गाणं तुटतं. हे टाळायचं असेल तर वायफाय. तिथे फोन बहुतेक वेळा नुसता रिमोट असतो. गाणं ॲम्पशेजारची पेटी स्वतः इंटरनेटवरून ओढते.

आणि त्याला ‘पन्नास हजार’? गूगलने २०१५ मध्ये असंच काम करणारी क्रोमकास्ट ऑडिओ नावाची चकती ३५ डॉलरला आणली होती, तीही डिजिटल आउटपुटसकट. २०१९ च्या सुरुवातीला ती बंद केली, पण वापरलेली कुणी विकत असेल तर बघायला हरकत नाही. स्वतः खटपट करायची हौस असेल तर रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा चिमुकला कॉम्प्युटर घ्या (२०२१ मध्ये आला तेव्हा १५ डॉलर; आपल्याकडे थोडा महाग पडतो), त्याला एक छोटा डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा ॲम्पला कळणारा सिग्नल करणारा), एक मेमरी कार्ड आणि मूड किंवा पायकोअरप्लेअर हे फुकट सॉफ्टवेअर. ॲपलचा एअरप्ले (आयफोनवरून वायफायने गाणं पाठवण्याची सोय) चालतो, घरातल्या हार्डडिस्कवरची गाणी चालतात. स्पॉटिफायसाठी मात्र प्रीमियम लागतं. पहिल्या दिवशी थोडी डोकेफोड होते, खोटं कशाला बोला.

आणि एवढंही नको असेल तर कपाटातला जुना फोन काढा, ज्याला हेडफोनचं भोक आहे असा. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली वायर शंभर-दोनशेत येते. स्पॉटिफाय प्रीमियम असेल तर त्या फोनवर ॲप उघडून ठेवा, हातातल्या फोनवरून तो चालवता येतो. कायम चार्जरला लावून ठेवलात तर बॅटरी फुगलीय का ते अधूनमधून बघा. पाठ उचलल्यासारखी दिसली की तो फोन बाद.

राहिला स्मार्ट स्पीकर. तळहाताएवढ्या पेटीतून खर्ज किती निघणार याला भौतिकशास्त्राची मर्यादा आहे. तुमच्याकडच्या आठ इंची कोनच्या (आवाज काढणाऱ्या थरथरत्या शंकूच्या) स्पीकरांच्या जोडीला, ती धड असेल तर, तो गाठू शकत नाही. शिवाय एका पेटीतून स्टिरिओ कसला? त्याहून मोठी गोम वयाची आहे. वायफाय स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने २०२० मध्ये आपल्या काही जुन्या पेट्यांचे नवे अपडेट थांबवले. मार्च २०२५ मध्ये गूगलच्या उपकरणांची ओळख पटवणारं एक डिजिटल प्रमाणपत्र मुदतबाह्य झालं आणि जगभरचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ काही दिवस आडवे झाले. गूगलने अपडेट पाठवून ते उठवले. ॲम्पला आणि स्पीकरला असलं काही होत नाही. म्हणून सॉफ्टवेअर असलेला भाग स्वस्त आणि वेगळा असलेला बरा, दगावला तर तेवढाच फेकायचा. स्मार्ट स्पीकर आधीच घेतला असेल तर तोही कामाला लावा : चौथ्या पिढीपर्यंतच्या ॲमेझॉनच्या इको डॉटला साडेतीन मिलिमीटरचं सॉकेट आहे, तिथून वायर थेट ॲम्पच्या ऑक्सला. पाचव्या पिढीत ते काढलं, पण त्यालाही हजाराच्या आतल्या ब्लूटूथ डबीशी जोडता येतं.

भंगाराचा विचार करायचाच तर तो स्पीकरची जाळी काढून बघितल्यावर करा. कोनभोवतीची फोमची कडा काही वर्षांनी कुजून भुगा होते, कोकणातल्या दमट हवेत आणखी लवकर. बोट लावल्यावर कडा काळी पडून गळली तर वरचं सगळं करूनही आवाज फाटकाच येणार. पण तेव्हाही आधी कडा बदलून देणाऱ्या कारागिराला भाव विचारा. कोन रबरी किंवा कापडी कडेचे असतील तर हाही प्रश्न नाही.