सुट्टी तुमची, खोदकाम आमच्या गळ्यात

नाताळच्या सुट्टीत गावाकडे येऊन घराचं काम काढणाऱ्या प्रत्येक पुण्या-मुंबईच्या माणसाला मला एकदा समोर बसवून विचारायचं आहे. डिसेंबर महिन्यात आपल्या विदर्भातल्या खेड्यात काय चाललेलं असतं, हे तुम्हाला खरंच माहीत नाही का? तुम्ही इथंच जन्मलात ना? याच कापसावर तुमच्या कॉलेजची फी भरली गेली ना? मग बॅगा खाली ठेवल्या ठेवल्या "वहिनी, यावेळी बाथरूमचं काम करूनच टाकू" हे तोंडातून निघतंच कसं?

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. डिसेंबर म्हणजे कापसाचा दुसरा वेचा ऐन भरात, तुरीच्या शेंगा वाळायला लागलेल्या, हरभऱ्याला पाणी द्यायचं. विजेच्या लाईनीची पाळी रात्रीची असली की हे कानाला मफलर बांधून बॅटरी घेऊन शेतात, आणि सकाळी आले की पुन्हा वेचणाऱ्या बायांच्या मागं. बाया मिळवायला मला आदल्या संध्याकाळी घरोघर फिरावं लागतं. किलोमागं भाव ठरवा, ऑटो ठरवा, संध्याकाळी काटा लावा, हिशेब करा. यात घरचा स्वयंपाक, सासूबाईंचं औषधपाणी, पोरांचा अभ्यास आलाच. वर्षातून एखादा महिना असा निवडायचा असेल की ज्यात घरातल्या बाईला श्वास घ्यायलाही फुरसत नाही, तर तो हाच. आणि नेमका याच महिन्यात आमच्याकडं सुट्टी साजरी होते.

पाहुणे आले याचा मला राग नाही. दीर, जाऊबाई, त्यांची पोरं, सगळे हक्कानं यावेत. "मोठीआई, सोल्याची भाजी कर ना" म्हणून पोरं गळ्यात पडतात तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत बसून तुरीच्या शेंगा सोलते आणि आनंदानं सोलते. शेतात रोडग्यांचा कार्यक्रम झाला, वांग्याचं भरीत झालं, गोवऱ्या मी रचल्या, कणीक मी मळली, काही तक्रार नाही. त्यांना हुरडा पाहिजे होता. आमच्या शिवारात आता ज्वारी पेरतं कोण, सगळीकडं कापूस आणि सोयाबीन. तरी ह्यांनी दुसऱ्या गावाहून कणसं आणून दिली. माया आहे म्हणूनच ना!

पण माया आहे म्हणून न्हाणी फोडायची?

काम गरजेचं होतं, हे मी आधी सांगते. न्हाणीतल्या जुन्या फरशीवर शेवाळ धरतं, सासूबाईंचे गुडघे गेलेले, पाय घसरायची भीती कायम असते. मीच दिवाळीत म्हटलं होतं की होळी झाली, कापूस निघाला की हे काम करून घेऊ. तेव्हा शेत रिकामं असतं, मजूर मिळतात, थंडी सरलेली असते आणि विहिरीला पाणीही असतं. मे महिन्यात काढलं तर पाण्याची बोंब. फाल्गुन-चैत्र हाच खेड्यातल्या घरकामाचा हंगाम आहे, आमच्या सासऱ्यांनी या घराचं एकूण एक काम त्याच दिवसांत केलं. हे सगळं मी दीरांना बोलून दाखवलं. त्यावर उत्तर काय? "तेव्हा मला सुट्टी नसते वहिनी. आत्ता मी आहे तर होऊन जाईल. पैसे मी देतो ना!"

पैसे मी देतो ना. या चार शब्दांनी आमच्या घरात सगळ्या चर्चा संपतात. हे गप्प, सासूबाई गप्प. पैसे देणारा म्हणेल तेव्हा काम निघणार, आणि त्या कामाच्या मातीत जी बाई राहणार तिला विचारायचं कारणच नाही.

पहिल्या दिवशी काय उत्साह! भाऊजींनी स्वतः घन हातात घेतला, पोरांनी मोबाईलवर शूटिंग केलं, फरशी उखडली, भिंतीची छपाई म्हणजे प्लास्टर पाडलं, पाण्याचा पाइप फुटला. मलबा अंगणात, तुळशीच्या ओट्यापर्यंत. दुपारपर्यंत हौस फिटली, मग हात धुवायला पाणी मागितलं. ते पाणी मी मागच्या हौदातून बादलीनं आणून दिलं, कारण नळाची लाईन बंद झालेली होती.

मग मिस्त्री. विसार घेतला, माप घेतलं, एक-दोन दिवस आला आणि गायब. त्याला तरी काय बोलू? तो फोनवर म्हणाला, "वहिनी, रेजा कोठून आणू जी? समद्या बाया कापसात हायेत." खरंच आहे ते. ज्या बाया रेजाचं, म्हणजे बांधकामावर माल वाहायचं काम करतात त्याच बाया माझ्या शेतात कापूस वेचत होत्या. म्हणजे बायांना मी शेतात धरून ठेवू की न्हाणीवर सोडू, असा पेच माझ्यासमोर. आपल्या घरचं काम आपल्याच वेचणीशी भांडत होतं, आणि हे पुण्यात बसून ठरवलेलं! विसार परत मागायचा तर उद्या गावात त्याच्याशिवाय दुसरा मिस्त्री नाही. शेवटी रेतीची घमेली मी आणि माझ्या बारावीतल्या मुलीनं उचलली. तिची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत.

आता जरा कामाचा हिशेब मांडते, कारण "दोन-चार दिवसांत होतं" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. फोडायला एक दिवस. मग पाइपलाइन, ड्रेनेजचा उतार. मग खाली कोबा, म्हणजे काँक्रीटचा थर. बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, आणि अशा सिमेंटच्या काँक्रीटला निदान १० दिवस पाणी मारून ओलं ठेवावं, साध्या ओपीसीला ७, असं आयएस ४५६ या भारतीय मानकातच लिहिलेलं आहे. माझा भाऊ बांधकामावर सुपरवायझर आहे, त्याच्याकडून हे मी लग्नाआधीपासून ऐकत आले. त्यात थंडीत सिमेंट सावकाश धरतं. मग भिंतींची छपाई, तिलाही पाणी. मग वॉटरप्रूफिंग, पाणी भरून ठेवून गळती पाहणं, मग टाइल्स, मग सांधे भरणं, आणि त्यावर पाय न देता थांबणं. हे काम पंधरा-वीस दिवसांच्या आत नीट होऊच शकत नाही. शाळेला सुट्टी नाताळ ते एक जानेवारी. इंजिनिअर झालेल्या माणसाला ही साधी बेरीज-वजाबाकी करता येऊ नये?

नव्या वर्षाचा पहिला सूर्य शेतात पाहून, संत्र्यांच्या दोन पेट्या डिकीत टाकून सगळे गेले. मागं उरलं काय? अर्धा कोबा. अंगणात पडलेली रेती. तोंड उघडलेली सिमेंटची गोणी, जी दवात बसून खडे झाली. दारात टेकवून ठेवलेल्या टाइल्सच्या पेट्या. आणि आम्ही.

आमच्याकडची थंडी शहरातल्या माणसाला स्वेटर घालून फोटो काढण्यापुरती छान वाटते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. यंदा तेवढा नाही उतरला, पण पहाटे हात गारठतात एवढी थंडी असतेच. त्या थंडीत पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्या बाईनं आंघोळ कुठं करायची? गोठ्याच्या आडोशाला मी बांबू रोवले, ताडपत्री बांधली, खाली एक जुनी दगडी फाडी टाकली. चुलीवर कापसाची वाळकी पऱ्हाटी जाळून गंजात पाणी तापवायचं, ते उचलून अंगण ओलांडून न्यायचं, सासूबाईंचा हात धरून त्यांना तिथं बसवायचं. वारा आला की ताडपत्री उडते. त्या एका हातानं लुगडं आणि दुसऱ्या हातानं ताडपत्री धरून बसतात. पाणी अंगावर घेतलं की दात वाजतात, मला ते ऐकू येतं. आणि तरी मलाच म्हणतात, "राहू दे वं, पोराले काही सांगू नको. आला होता आठ दिवसासाठी." त्यांच्याचसाठी न्हाणी करायची होती ना? मग त्यांनीच का उघड्यावर कुडकुडायचं?

आणि कापूस. याच्यावर बोलायला लागले की माझा आवाज अजून चढतो.

न्हाणीला लागून जी मधली खोली आहे, तिच्यात आम्ही कापूस भरतो. सगळ्या गावात हेच आहे, दुसरी जागा असते कुणाला? पाहुण्यांना पलंगाची स्वच्छ खोली दिली, म्हणून माझी दोन्ही पोरं कापसाच्या ढिगाशेजारी झोपली. अंगभर खाज सुटली, मुलाच्या मानेवर पुरळ उठलं. तेही सोसलं. पण भिंतीची छपाई पाडल्यावर पलीकडून ग्राइंडरची धूळ भेगांतून थेट पांढऱ्या कापसावर. मी ओरडले तेव्हा एक चादर टांगली गेली. चादरीनं ती धूळ थांबते का? नंतर कोब्याला मारलेलं पाणी भिंतीच्या बुडातून आत झिरपलं. एका संध्याकाळी मी भिंतीलगतच्या कापसात हात घातला तर तो आतपर्यंत गार लागला. मूठभर काढून उजेडात पाहिला, सरकीपाशी पिवळसर पडलेला.

हे काय आहे ते समजून घ्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल ठरला. पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत तो भाव ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तरच पूर्ण मिळतो. ८ ते १२ मध्ये असेल तर त्या प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर गेला तर गाडी परत. ॲपवर नोंदणी करा, स्लॉट मिळवा, गाडी करा, आणि तिथं यंत्र खुपसल्यावर आकडा जास्त आला की आल्या पावली घरी. मग उरतो खाजगी व्यापारी, तो ओला आणि पिवळा कापूस पाहून सांगेल तो भाव. स्लॉटची तारीख जवळ आली होती. ह्यांनी आणि मी सगळा ढीग उपसला, चुंगड्या भरून गच्चीवर नेल्या, उन्हात पसरला, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरला. वेचणी सोडून! तिकडं फुटलेला कापूस झाडावर लोंबतोय, इकडं वेचलेला आम्ही वाळवत बसलोय. भिंतीलगतचा जो पिवळा पडला तो वेगळा काढला, त्याचे किती पैसे गेले ते ह्यांनी वहीत लिहिलं आणि वही मिटली. भावाला एक शब्द बोलले नाहीत. "जाऊ दे, लहान आहे." चाळिशी ओलांडली त्या लहानाची.

म्हणून फोन मीच केला. जाऊबाईंनी उचलला. त्या म्हणाल्या, आम्ही तर चांगल्यासाठीच केलं, तुम्हालाच सोय व्हावी म्हणून. त्या मनानं वाईट नाहीत, हे मला माहीत आहे. पण सोय कुणाची, कधी, कोणत्या दिवसांत, हे ज्याची सोय करायची त्याला विचारलं का? तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मार्च महिन्यात, पोरांच्या परीक्षा चालू असताना, मी येऊन किचनचा ओटा फोडला आणि आठव्या दिवशी गाडीत बसून निघून गेले, तर चालेल तुम्हाला? त्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना सांगते, अजून पैसे पाठवतील."

पैसे नको आहेत मला! टाइल्स आहेत, रेती आहे, सिमेंट मी पुन्हा आणीन. मिस्त्रीही होळीनंतर येतो म्हणाला आहे, कारण तेव्हा त्याला रेजा मिळतील. मला इथं माणूस पाहिजे आहे. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर नीट वाचा. ऑफिसात रजेचा अर्ज आत्ताच टाका, गुढीपाडव्याच्या आसपासची पंधरा दिवसांची. एकटे या, पोरांना आणू नका, त्यांची शाळा असेल. रोज सकाळ-संध्याकाळ कोब्याला पाणी मारायला तुम्ही थांबा, मिस्त्रीला फोन तुम्ही करा, मलबा ट्रॉलीत तुम्ही भरा. आणि आईला आंघोळीचं पाणी ताडपत्रीआड तुम्ही नेऊन द्या, शेवटची टाइल बसून वाळेपर्यंत.